जिऱ्याएवढा डाग

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

महिपती,

खालचं नाव वाचायच्या आधीच अक्षर ओळखशील. तिसरीत होतं तेवढंच आहे, पुढं वाढलं नाही. तुझ्याशी बोलणार नाही असं बारा वर्षांमागं म्हटलं होतं, ते अजून तसंच आहे. हे बोलणं नाही, काम आहे. फोनचा प्रश्नच नाही. तुझे कान गेले आणि तू नुसता ‘काय? काय?’ करतोस, असं नवसू सांगतो. त्याची जीप रोज सकाळी पवनानगरहून लोणावळ्याला जाते, संध्याकाळी परत येते. चिठ्ठी त्याच्या हाती देते आहे. उत्तर द्यायचं नसलं तर तसं त्याला सांग, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही.

काम सृष्टीचं आहे, गणेशच्या मुलीचं. गणेश आणि सून चाकणला कंपनीत, पोरगी कॉलेजसाठी माझ्यापाशी. सुट्टीला धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडे राबते आणि येणाऱ्या पाहुण्यांचे मोबाइलवर फोटो काढून देते. मी कुणाचं कौतुक करत नाही हे तुला माहीत आहे. पण माझा एक काढला, त्यात मी आहे तशीच दिसते, आणि तरी पुसून टाक म्हणावंसं वाटलं नाही.

खंडाळ्याच्या बंगल्यांवर लग्नं होतात, त्यांचे फोटो काढणारी राजेश्वरी म्हणून एक बाई आहे. तिने हिला सोळा तारखेच्या रविवारी बोलावलंय. मुख्य फोटो बाई काढणार, तिच्या हाताखाली एक मुलगा आहे तो काढणार, आणि ही तिसरी, जेवणाऱ्या पाहुण्यांचे काढायला. काम पसंत पडलं तर पुढचा सगळा हंगाम. अट एकच, स्वतःचा कॅमेरा पाहिजे. मोबाइल घेऊन आलीस तर फाटकातूनच परत, असं म्हणाली. हे हुकलं की परीक्षेनंतर चाकणला डबे भरायच्या लाइनवर. गणेशने तिथं नाव सांगून ठेवलंय.

दोन वर्षांत पोरीने तीस हजार साठवलेत. लोणावळ्याचा एक दुकानदार नवा कोरा देतो म्हणतो, हप्त्यावर, वर पिशवी आणि तिपाई फुकट. एक लहानसा आहे, आरसा नसलेला, हातात मावतो, तो तिच्या मैत्रिणींना आवडतो. आणि सोमाटण्याला एक वापरलेला आहे, मोठा, काळा, रेड्यासारखा. ती रोज तिन्हींची चित्रं मोबाइलवर बघते आणि भाकरी करपवते.

तुझ्या दाजींना स्मशानात पोचवलं त्या दिवशी तू खंडाळ्यात कुणाच्या तरी लग्नात हाच कॅमेऱ्याचा डबा डोळ्याला लावून उभा होतास. म्हणजे तुला त्यातलं कळत असणार. तेवढं तरी उपयोगी पडू दे.

झुंबरबाई

गुरुवार, ६ फेब्रुवारी

महिपती,

तीन पानं पाठवलीस. त्यात माझ्याविषयी एक ओळ नाही, हे बरं केलंस.

तू लिहिलंस तसं पोरीला वाचून दाखवलं. नव्या हलक्यापेक्षा वापरलेला चांगला घ्या. कॅमेऱ्याच्या अंगावर कमी खर्च करा, भिंगावर जास्त, कारण फोटो भिंग काढतं. आतापर्यंत किती फोटो काढून झालेत तो आकडा विचारा. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशी आहे का बघा. मी म्हटलं, हे तर बैल घेण्यासारखंच आहे, दात मोजा आणि चालवून बघा. फुकटच्या पिशवीचं तू काही लिहिलं नाहीस, ते माझं मला कळलं. बैलाबरोबर घुंगरं फुकट देतो त्याचा बैल लंगडा असतो.

काल दोघी सोमाटण्याला गेलो. विकणारा संदेश म्हणजे नंदाबाईचा मुलगा. नंदाबाई आमच्याच गावची लेक, तिकडं दिलेली. राजेश्वरीच्या हाताखालचा मुलगा म्हणतात तो हाच. चहा झाल्यावर मी त्याला पहिलं विचारलं, चांगला आहे तर विकतोस कशाला? तो हसला. म्हणाला, आजी, नवा बिनआरशाचा घेतलाय, दोन सांभाळत नाही. फोटोंचा आकडा मागितला तर कॅमेरा सुरू करून लगेच दाखवला. चाळीस हजाराच्या आत होता, म्हणजे ज्वान आहे म्हणे. भिंग मी स्वतः खिडकीत धरलं. सृष्टीला लाज वाटत होती. वाटू दे. लाजेने घेतलेलं जनावर दावणीला मरतं.

शेवटी त्याला तोंडावर विचारलं, आत काही दोष? तो म्हणाला, "आतून स्वच्छ आहे आजी. एक कण निघणार न्हाई. माझा शब्द." भाव पोरीकडं होते त्यात बसला, कार्डापुरते उरले. येताना तिने तो पोटाशी धरून आणला, पोर धरावं तसा.

नवी वस्तू घरात आली की जे करतात ते उद्या शुक्रवारी करीन. पाण्याची मोटर आली तेव्हा केलं, शिलाई मशीन आली तेव्हा केलं. पोरगी नको म्हणते. तिला काय विचारायचं.

झुंबरबाई

सोमवार, १० फेब्रुवारी

महिपती,

एक सहज विचारते. समज, कुणाच्या कॅमेऱ्यात बारीक पूड गेली, पिठासारखी. ती आपोआप बाहेर पडते का? का आतच फिरत राहते? नुसतं समजून घ्यायचंय.

इथं घोटाळा झालाय. काल सृष्टी धरणावर गेली, पाणी आणि वर आभाळ असे फोटो काढले. घरी येऊन मोठे करून बघितले तर प्रत्येकात डाव्या बाजूला वर एक काळपट डाग. जिऱ्याएवढा. त्याच्या खाली दुसरा, त्याहून लहान. पन्नास फोटो असतील तर पन्नासांत, त्याच जागी. भिंगाला काही नाही. तिने मऊ कापडाने पुसलं, काढून परत बसवलं, डाग जागचा हलत नाही. मग ती उठून बाहेर गेली आणि अंगणात उभी राहून संदेशला फोन लावला. मला आतून ऐकू येत होतं.

तो म्हणत होता, माझ्याकडून गेला तेव्हा डाग नव्हता, घेऊन ये, उघडून बघतो. ही म्हणाली, आता तुझ्या हातात देऊन तू अजून काय करशील ते माहीत नाही. मग जे नको ते बोलली. शब्द माझेच होते, माझ्या तोंडून ऐकून शिकलेली आहे. फोन ठेवल्यावर मोबाइलवर मावळातल्या फोटोवाल्यांचा गट आहे त्यात लिहिलं, की सोमाटण्याच्या संदेशने डाग असलेला कॅमेरा स्वच्छ म्हणून गळ्यात मारला, याच्याकडून कुणी काही घेऊ नका. डागाचा फोटोही टाकला. गटात दोनशेच्या वर माणसं आहेत म्हणे.

मी तिला म्हटलं, जरा थांबायचं होतंस. ती म्हणाली, आजी, तूच त्याला तोंडावर विचारलं होतंस ना?

पुडीचं तेवढं लिही. आजच्याच जीपने.

झुंबरबाई

बुधवार, १२ फेब्रुवारी

महिपती,

तुझी चिठ्ठी एका ओळीची होती. पीठ का कुंकू, एवढंच.

कुंकू.

आपल्या आईने तुझ्या पहिल्या कॅमेऱ्याला कुंकू लावलं तेव्हा तू त्याला आधी झाकण घातलं होतंस, हे मला आठवलं नव्हतं. तुला आठवलं. शुक्रवारी सकाळी पोरीने भिंग कसं काढायचं-घालायचं ते शिकायला ते काढून ठेवलं आणि आंघोळीला गेली. दोन्ही गोधडीवर होते. मला वाटलं, ती येईपर्यंत उरकून घेऊ, म्हणजे नको-नको ऐकायला नको. हळदीची पाच बोटं कॅमेऱ्याच्या अंगाला लावली. कुंकू लावायला गेले तर समोर तोंड उघडं. देवाला लावतो तसं लावलं. चिमूट मोठी झाली, आत सांडली. पदराने पुसलं, जेवढं दिसत होतं तेवढं गेलं. उरलेलं जावं म्हणून फुंकर मारली. आता वाटतं, फुंकरीनेच आत गेलं. ती आली तेव्हा भिंग तसंच बाजूला होतं आणि मी तिला नारळाचा तुकडा दिला. तिने खाल्ला.

तेव्हा बोलले असते तर तिने चार गोष्टी ऐकवल्या असत्या आणि विषय संपला असता. मला ऐकून घ्यायची सवय नाही.

माझ्या उत्तराची वाट न बघता काल संध्याकाळी तुझी दुसरी चिठ्ठी आली. मी तुझ्या शिव्यांची वाट बघत होते, तू तर पळवाट दाखवलीस. भिंगाची खिडकी असते, उजेड आत येतो ती, पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे डाग पुसट होऊन दिसत नाहीत. आभाळ घेऊ नका, पांढरी भिंत घेऊ नका. लग्न दिव्यांचं आहे, निभावून जाईल. मग कॅमेरा माझ्याकडे पाठव, मी साफ करून देतो, कुणाला काही कळणार नाही. सोमाटण्याला जाताना आभाळाचा फोटो काढून बघा हे लिहायचं राहिलं ती माझीही चूक, असंही लिहिलंस. ती तुझी नाही. उगाच वाटेकरी होऊ नकोस.

खिडकीचं पोरीला सांगितलं. तिने करून बघितलं, खरंच डाग गेला. ती हसली आणि तेच मला बघवलं नाही. कारण दुपारी राजेश्वरीचा फोन आला होता. तिने गटातलं वाचलं. म्हणाली, असा फसवणारा माणूस मला माझ्या लग्नांत नको, संदेशला मी काढलाय. रविवारी त्याच्या जागी तू. पाहुण्यांचे नाही, नवरीच्या बाजूचे फोटो तू काढायचे, आणि नीट झालं तर ती जागा तुझीच.

पोरगी घरभर नाचली. म्हणाली, बघ आजी, खोट्याचं कसं होतं ते.

मी चुलीत लाकूड सारलं.

झुंबरबाई

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

महिपती,

ही चिठ्ठी नवसूला थांबवून लिहिते आहे. तो हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

काल दुपारी नंदाबाई आली. चप्पल बाहेर काढली, आत आली, पाणी दिलं ते घेतलं नाही. सृष्टी घरात होती. मला वाटलं भांडायला आलीय. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, ते मला जमतं. तिचा आवाजही चढला नाही. म्हणाली, संदेश चार दिवस घराबाहेर पडला नाही. दोन लग्नं गेली, कॉलेजचा एक कार्यक्रम गेला. दुकानातला पोरगा फोन करून त्याला हसून विचारतो, आज कुणाच्या गळ्यात काय मारलंस.

मग म्हणाली, "काकी, पैशाचं मी बोलतच न्हाई. ही माझ्या माहेरची वेस आहे. शनिवारी सकाळी खंडोबाच्या देवळात दोघांनी बेलभंडार उचलायचा. माझा पोरगा उचलंल, की कॅमेरा गेला तवा आत काय नव्हतं. तुझ्या नातीनं उचलायचा, की घरात आला तवापासून डाग होता. खोटं बोलंल त्याचं तो बघून घेईल. मग मी गटातल्या दोनशे माणसांना तोंड दाखवीन."

सृष्टी उभी राहिली आणि म्हणाली, उचलीन. मी खोटं बोलत नाही.

ती खरंच खोटं बोलत नाही, महिपती. तिला वाटतं ते ती सांगेल. आणि संदेशही खरं सांगेल. दोघं खरे, आणि बेलभंडार पोरीच्या हातात खोटा पडेल. बेल आणि हळद तळव्यावर घेऊन देवापुढं बोलल्यावर ते परत घेता येत नाही, हे तुलाही कळतं, तू कितीही लोणावळ्याचा झालास तरी. आपल्या चुलत्याने बांधाच्या भांडणात उचलला होता. पुढं त्याच्या घरात काय-काय झालं ते तू बघितलंस. त्याने झालं का आपोआप झालं, मला माहीत नाही. बघायचं नाही एवढंच मला कळतं.

मी अजून बोललेली नाही. सकाळपासून तीनदा तिच्यापाशी गेले. एकदा ती बॅटरी लावत होती. एकदा रविवारी घालायचा काळा शर्ट इस्त्री करत होती, फोटोवाले काळं घालतात म्हणे, म्हणजे भिंगात दिसत नाहीत. तिसऱ्यांदा तिने मान वर करून विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, मीठ कुठं ठेवलंस.

बोलले तर रविवार जातो. नाही बोलले तर रविवार मिळतो आणि उद्या ती भंडार उचलते. संध्याकाळच्या जीपने उत्तर पाठव. मी ऐकीनच असं नाही.

झुंबरबाई

रविवार, १६ फेब्रुवारी

महिपती,

तुझी चिठ्ठी मिळाली. लिहिलंस, पोरीला ताप आलाय म्हण, दोन दिवस ढकल, तोवर लग्न होऊन जाईल. तू वाईट माणूस नाहीस. तुला नेहमी वाटतं की लग्न तेवढं होऊन जाऊ दे, मग बघू. पण सोमवारी ताप उतरला असता आणि नंदाबाई परत आली असती. म्हणून ताप आणला नाही.

काल सकाळी देवळात गेलो. नंदाबाई, संदेश, गुरव, आणि गावातली पाच-सात रिकामी माणसं. गुरवाने ताटात बेल ठेवला, वर भंडार. आधी संदेशने ओंजळ पुढं केली. त्याने म्हटलं आणि बाजूला झाला. मग सृष्टी पुढं आली, गळ्यात तो कॅमेरा. तिने हात पुढं केला, गुरवाने बेल उचलला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज लहान निघाला.

"हात मागं घे. कुंकू मी टाकलंय त्यात."

कुणाला काही कळलं नाही. परत सांगावं लागलं, सगळं, गोधडीपासून फुंकरीपर्यंत. पहिल्या वेळी एका दमात जमलं होतं, दुसऱ्या वेळी प्रत्येक शब्द वेगळा काढावा लागला. सांगून झाल्यावर नंदाबाईने विचारलं, आणि तिने विचारलं ते खरंच होतं, की मग आठ दिवस तुझं तोंड कुठं गेलं होतं? मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईपुढं खाली बघितलं.

सृष्टीने कॅमेरा गळ्यातून काढून संदेशपुढं धरला. त्याने तिथंच पायरीवर बसून भिंग काढलं, आतला आरसा बोटाने वर केला आणि मोबाइलचा उजेड मारला. कोपऱ्यात लाल. त्याने सगळ्यांना दाखवलं, एकेकाला, वाकायला लावून. मलाही. मग भिंग परत बसवलं आणि म्हणाला, "आजी, त्याच दिवशी आला असता तर दहा मिनिटांचं काम होतं." साफ करतो असं तो म्हणाला नाही, आणि आम्हीही म्हटलं नाही.

पोरीने तिथंच उभं राहून राजेश्वरीला फोन लावला. माझ्याकडं पाठ होती. सगळं सांगितलं, माझं झाकलं नाही, स्वतःचंही नाही. पलीकडचं ऐकून व्हय, व्हय म्हणत राहिली. नंतर गुरवाला सांगितलं त्यावरून कळलं. संदेशची जागा संदेशला परत. आणि खात्री न करता दुसऱ्याला चोर म्हणून गावभर ओरडणारी मुलगी मला माझ्या पाहुण्यांत नको, असं बाई म्हणाली. म्हणजे तिसरी जागाही गेली. बाईचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. म्हणायची फार इच्छा आहे.

मग ती गटात लिहायला बसली. लिहून संदेशला वाचून दाखवलं, की आमच्या घरच्या चुकीमुळे डाग पडला, संदेशचा दोष नाही, मी माफी मागते. मी म्हटलं, घराची चूक नाही, घराने काही केलं नाही. झुंबरबाईने कुंकू टाकलं आणि झुंबरबाई गप्प बसली, असं नावानिशी लिही. तिने पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. लिहिलं. आता दोनशे माणसांना माझं नाव माहीत आहे. पवनानगरच्या बाजारात काल एक भाजीवाली मला बघून दुसरीला कोपराने ढोसत होती. ढोसू दे.

आज रविवार. आत्ता खंडाळ्यात नवरीला हळदीच्या पाटावरून उठवलं असेल. पोरगी सकाळी उठली, इस्त्रीचा काळा शर्ट घडी करून पेटीत ठेवला, भाकऱ्या केल्या. करपवल्या नाहीत. गणेशचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, चाकणच्या लाइनवरचं नाव अजून पक्कं करू नका, मी आधी हे दुरुस्त करून घेते. तो ओरडला. ती फोन कानापासून लांब धरून बसली, संपेपर्यंत.

माझ्याशी काल देवळातून निघाल्यापासून एकच वाक्य बोलली आहे. म्हणाली, "आजपासून माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कॅमेरा तुझ्याकडे येतोय. कुंकू पूर्ण काढ, अर्धवट काम करू नकोस. परत न्यायला ती स्वतः येणार आहे, बुधवारी. तिला साफ कसं करतात ते दाखव, म्हणजे पुढच्या वेळी कुणाकडं जावं लागणार नाही. माझ्याविषयी काही समजावायला जाऊ नकोस.

नवसूची जीप अंगणासमोर उभी आहे. कॅमेरा तिने टॉवेलात गुंडाळला, वर पिशवी घातली, पिशवीला दोरी बांधली. मी गाठ मारायला पुढं झाले तर तिने पिशवी उचलून दुसऱ्या हातात घेतली. आता ती पुढच्या सीटवर ठेवते आहे, नवसूला सांगते आहे की खड्ड्यातून हळू घे. ही चिठ्ठी मी मागच्या खिडकीतून त्याच्याकडं देते आहे.

झुंबरबाई